प्रेग्नन्सीत गोळी घेण्याआधी आणि बंद करण्याआधीसुद्धा काय बघायचं

टेस्ट पॉझिटिव्ह आली की बऱ्याच जणींकडून दोनपैकी एक चूक होते. एक तर डोकं दुखलं की घरातल्या स्ट्रिपमधली गोळी नेहमीसारखी घेतली जाते, नाहीतर उलट, बाळाला काही व्हायला नको म्हणून रोजची गोळी कुणाला न विचारता बंद होते. पहिल्या चुकीबद्दल सगळे सांगतात. मला दुसरीची जास्त काळजी वाटते, कारण फिट्स, दमा, थायरॉईड, शुगर, बीपी कंट्रोलमध्ये नसलं तर त्रास आई आणि बाळ दोघांनाही होतो.

स्टेप १: यादी करा
आजच करा. रोजच्या गोळ्या, अधूनमधून घेता त्या, व्हिटॅमिन, इनहेलर, पिंपल्सची क्रीम, हर्बल कॅप्सूल, सगळं लिहा, किती एमजी आणि कधीपासून तेही, आणि सरळ सगळ्या स्ट्रिप्सचे फोटो काढून ठेवलेत तर अजून चांगलं. ही यादी गायनॅकलाच नाही तर दाताच्या डॉक्टरलाही दाखवायची.

स्टेप २: यादीत ही नावं आहेत का बघा
ब्रँडचं नाव नको, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. पिंपल्ससाठीची आयसोट्रेटिनॉइन गोळी असेल तर ती लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, तिने बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं (प्लॅनिंग करत असाल तर महिनाभर आधीच बंद हवी). फिट्सचं व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, संधिवातासाठी देतात ते मेथोट्रेक्सेट, किंवा बीपीच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यातलं काही असेल तरी त्याच दिवशी फोन करा. पण व्हॅल्प्रोएट स्वतःहून अजिबात थांबवू नका, एकदम बंद केली तर मोठी फिट येऊ शकते. बहुतेक वेळा पर्याय असतो, बीपीला लॅबेटॅलॉल, मेथिलडोपा किंवा निफेडिपिन देतात, वॉरफरिनऐवजी हेपरिनचं इंजेक्शन देतात कारण ते नाळेतून बाळापर्यंत जात नाही.

स्टेप ३: फॉलिक ॲसिड
रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्यतो दिवस राहायच्या महिनाभर आधीपासून ते १२ आठवड्यांपर्यंत. आधीपासून का, तर बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते आणि तोवर कित्येक जणींना कळलेलंही नसतं. फिट्सचं औषध चालू असेल, डायबेटिस असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर ५ एमजी लागू शकतं, ते डॉक्टरच ठरवतील.

स्टेप ४: ताप, दुखणं, सर्दी
पॅरासिटामॉल ही पहिली पसंती, गरजेपुरता डोस, कमीत कमी दिवस. ताप अंगावर काढू नका, जास्त ताप तसाच राहणंही बाळाला चांगलं नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या पेनकिलर स्वतःहून नको, त्यातही २० आठवड्यांनंतर तर नकोच, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. सर्दीच्या गोळीत तीन-चार औषधं एकत्र असतात, त्यात पॅरासिटामॉल असतंच बहुतेकदा, वरून वेगळी घेतली की डोस डबल.

चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणजे चालतं असं धरू नका. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत असंच, चिठ्ठीशिवाय विकायला आलं, उलट्या थांबतात म्हणून गरोदर बायकांनी घेतलं आणि १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्माला आली. हे वाचलं की अजूनही जीव कासावीस होतो. हर्बललाही हाच नियम.

स्टेप ५: वेळा
थायरॉईडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यात ४ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. लोह आणि कॅल्शियमही वेगवेगळ्या वेळी.

आणि दिवस राहिलेत हे कळायच्या आधीच काही घेतलं गेलं असेल तर? रडत बसू नका, स्वतःला दोष तर अजिबात देऊ नका. बहुतेक औषधांच्या एखाद-दुसऱ्या गोळीने काही होत नाही. शेवटची पाळी कधी, गोळी कोणती, किती आणि कोणत्या तारखांना घेतली एवढं कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, लागली तर ते सोनोग्राफी ठरवतील.