बिअर स्पर्धेत पाठवण्याआधी

घरी केलेली बिअर मित्रांना आवडली आणि स्पर्धेत पाठवायचा विचार डोक्यात आला, की आधी मित्रांची मतं बाजूला ठेवायची. फुकटची बिअर पिणारा माणूस खोट काढत नाही. मग स्वतःला विचारायचं: पदक हवंय की परीक्षकांचे शेरे? शेरे हवे असतील तर मध्यम जमलेली बिअरही पाठवावी, उलट तिच्यावरच जास्त शिकायला मिळतं. पदकाचीच आस असेल तर पुढची सगळी झाडाझडती करायची.

गुणपत्रिका पाहून ठेवायची. 1985 साली सुरू झालेल्या बीजेसीपी या बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची 50 गुणांची पत्रिका बऱ्याच स्पर्धांत वापरतात. त्यात वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण परिणामाला 10 गुण. म्हणजे बिअर जराशी गढूळ दिसते म्हणून झोप उडवून घेऊ नये. 21 ते 29 म्हणजे 'चांगली', 30 पासून 'खूप चांगली', 38 पासून 'उत्कृष्ट'.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो वर्ग, म्हणजे बिअर कोणत्या प्रकारात पाठवायची ते, ठरवायला. परीक्षकासमोर ग्लास असतो आणि वर्गाचं नाव असतं; 'मला ती अशीच हवी होती' हे सांगायला तुम्ही तिथे नसता. म्हणून रेसिपीवर काय नाव होतं ते विसरायचं, वर्गांची वर्णनं समोर उघडून बिअर ओतायची आणि ग्लासात काय आहे त्यावरून नाव शोधायचं. अमेरिकन आयपीएला (इंडिया पेल एल, कडवट आणि सुगंधी प्रकार) 5.5 ते 7.5 टक्के अल्कोहोल आणि 40 ते 70 आयबीयू (कडवटपणा मोजण्याचं एकक) कडवटपणा अपेक्षित असतो; अमेरिकन पेल एल 4.5 ते 6.2 टक्के आणि 30 ते 50 आयबीयूची. मी एकदा 5.3 टक्क्यांवर अडकलेली बिअर हट्टाने आयपीए म्हणूनच पाठवली. शेरा आला: 'छान पेल एल आहे.' गुण अर्थातच कापलेले.

त्यानंतर दोष हुंगायचे, आणि तेही जेवणानंतर नाही, सकाळी नाक ताजं असताना. लोण्यासारखा वास म्हणजे डायसेटिल, आंबताना यीस्टमुळे तयार होणारं द्रव्य. बाटल्या भरण्याआधी याची परीक्षा सोपी आहे: थोडी बिअर झाकलेल्या ग्लासात घेऊन गरम पाण्यात वीसेक मिनिटं साधारण 60 अंशांवर ठेवायची, थंड करायची आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून वास घ्यायचा. तापवलेलीत लोणी आलं तर यीस्टचं काम उरलंय, आणखी काही दिवस थांबायचं. हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा कोवळेपणाचा, तोही थांबल्याने जाऊ शकतो. ओल्या पुठ्ठ्याची चव मात्र ऑक्सिजन लागल्याची. ती वाढतच जाते. अशी बिअर पाठवायची नाही, घरीच लवकर संपवायची.

तारखेचा हिशेब बाटली भरण्याच्या दिवसापासून नाही, परीक्षणाच्या दिवसापासून उलटा करायचा. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) सुगंध आणि हेफेवाइझन या जर्मन गव्हाच्या बिअरचा केळं-लवंगेचा वास लवकर विरतो, म्हणून त्या ताज्या पोचायला हव्यात. बार्लीवाइनला, म्हणजे खूप कडक बिअरला, महिनोन् महिने दिले तरी चालतात. साखर घालून बाटलीत फेस धरवत असाल तर वीसेक अंशांवर निदान दोन आठवडे सोडायचे. एक बाटली उघडून बघायचीच. कारंजं उडालं तर तीच बॅच वाटेत फुटेल.

बाटल्यांचे नियम स्पर्धेगणिक बदलतात, ते नीट वाचायचे. साधारणपणे साध्या तपकिरी बाटल्या मागतात (उजेडाने हॉप्सला येणारा उग्र दर्प तपकिरी काच बराच अडवते), लेबल नको, झाकणावरची अक्षरं काळ्या मार्करने पुसलेली हवीत, कारण बिअर कोणाची हे परीक्षकाला कळता कामा नये. चिठ्ठी गोंदाने न चिकटवता रबरबँडने बांधा असंही अनेकदा सांगतात. दारू कुरियरने पाठवायला तुमच्याकडे परवानगी आहे का, हे फी भरण्याआधी पाहायचं. नसेल तर स्वतः नेऊन द्यायची सोय आहे का ते विचारायचं.

आणि त्याच बॅचची एक बाटली आपल्या फ्रिजमध्ये राखून ठेवायची. गुणपत्रिका आली की ती उघडायची, आणि एकेक शेरा वाचत एकेक घोट घ्यायचा.