शेवटचा सेट ६-६ झाला की पुढे काय? टेनिसचा स्कोअर असा वाचा

मॅच शेवटच्या सेटला गेली (ग्रँड स्लॅम म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन, यूएस ओपन या चार मोठ्या स्पर्धा; तिथे पुरुषांच्या सिंगल्सला पाचवा, बाकी बहुतेक ठिकाणी तिसरा) की आधी दोनच गोष्टी बघा, स्पर्धा कुठली आणि सिंगल्स चालू आहे की डबल्स. नियम त्यावरच ठरतो.

सिंगल्समध्ये ६-६ पर्यंत वेगळं काहीच नाही, ६-४ किंवा ७-५ झालं की मॅच संपली. ६-६ झालं तर नेहमीच्या एटीपी (पुरुष), डब्ल्यूटीए (महिला) स्पर्धांत साधा ७ पॉइंटचा टायब्रेक (सेटचा निकाल लावणारा शेवटचा खास गेम), आणि चारही ग्रँड स्लॅमला १० पॉइंटचा. दोन्हीकडे दोनची आघाडी लागतेच, म्हणजे १०-९ ला कोणी जिंकत नाही, खेळ चालूच. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ब्लिंकोव्हाने रिबाकिनाला हरवलं तो टायब्रेक चक्क २२-२० पर्यंत गेला होता!

आता सर्व्हिस कोणाची हे कसं ओळखायचं, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिला पॉइंट एकजण सर्व्ह करतो, मग दुसरा सलग दोन, मग पहिला दोन, असं आलटून पालटून. सोपी युक्ती म्हणजे दोघांचे पॉइंट मिळवायचे. बेरीज विषम आली की सर्व्हिस बदलली आणि नवा सर्व्हर स्वतःच्या डाव्या बाजूने सुरू करणार, सम असेल तर सर्व्हिस उजवीकडून. समजा ५-३ आहे, बेरीज ८, म्हणजे ज्याने आठवा पॉइंट सर्व्ह केला तोच आता उजवीकडून करणार आणि नंतर सर्व्हिस समोरच्याकडे. बेरीज ६, १२, १८ झाली की कोर्टाची बाजू बदलायची.

स्कोअरमध्ये कधीकधी कंसात फक्त हरणाऱ्याचे पॉइंट देतात, तिथे नीट बघा. ७-६(५) म्हणजे साध्या टायब्रेकमध्ये ७-५, पण ग्रँड स्लॅमच्या शेवटच्या सेटला तेच १०-५. खेळाडूही चुकतात हो, २०१९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये केटी बोल्टर ७ पॉइंट झाल्यावर जिंकलो समजून आनंद साजरा करायला लागली, मग परत खेळून १०-६ ने जिंकली.

जुने स्कोअर विचित्र दिसतात कारण २०२२ च्या फ्रेंच ओपनच्या आधी चारही ठिकाणी नियम वेगवेगळे होते. विम्बल्डनला २०१८ पर्यंत शेवटच्या सेटला टायब्रेकच नव्हता, म्हणून २०१० मध्ये इस्नर-माहू पाचवा सेट ७०-६८, अख्खी मॅच तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं. मग तिथे १२-१२ ला टायब्रेक आला आणि २०१९ ची फायनल जोकोविचने फेडररविरुद्ध १३-१२ ने घेतली. मला विचाराल तर आताचा १० पॉइंटचा नियमच बरा, पाच सेट झुंजल्यावर एखाद्या मिनीब्रेकवर (समोरच्याच्या सर्व्हिसवर घेतलेल्या पॉइंटवर) सगळं संपत नाही, परत यायला जागा राहते, आणि जिंकणारा पुढच्या राउंडला पायावर उभा राहू शकतो.

डबल्सचं वेगळं आहे. ग्रँड स्लॅमला पुरुष आणि महिला डबल्समध्ये तिसरा सेट पूर्ण खेळतात, पण टूरवर (एटीपी, डब्ल्यूटीएच्या नेहमीच्या स्पर्धांत) एक-एक सेट झाला की तिसरा सेट नाहीच, थेट १० पॉइंटचा मॅच टायब्रेक. म्हणून ६-४, ३-६, १०-७ असा स्कोअर दिसला तर तो शेवटचा आकडा गेमचा नाही, पॉइंटचा आहे.