नाशिकभोवतीच्या राखीव जमिनीसाठी लढताना नकाशा कसा वाचावा

टेकडी किंवा पाणथळ वाचवायची म्हणून लगेच निवेदन लिहायला बसू नये. ती जागा कोणाला दिसते, तिचे पाणी कोणाच्या विहिरीत उतरते आणि तिथे जाणारी वाट कोणत्या गावातून जाते, हे आधी पाहावे. सोबत कोण येणार आणि किती दिवस टिकणार, हे बहुधा यावरच ठरते.

तपोवन शहरातच, गोदावरी-कपिला संगमापाशी आहे. त्यामुळे 2025 च्या अखेरीस कुंभमेळ्यातील साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तिथली झाडे तोडण्याचा विषय निघाला तेव्हा लोकांना जमणे सोपे गेले. अंजनेरीचे पठार मात्र शहरातून कोणाच्या डोळ्यांसमोर नसते. तिथल्या कंदीलपुष्प या दुर्मीळ वनस्पतीची आणि कड्यांवरच्या गिधाडांची बाजू मांडायची तर गर्दीपेक्षा तारीखवार नोंदी आणि छायाचित्रे अधिक कामाला येतात.

पाण्याच्या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा घेऊन, जिथे डोंगर पोखरला जात आहे तिथून समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांना काटकोनात छेदत पेन्सिलने उताराची रेघ खाली आणावी आणि तिच्यालगतची गावे, विहिरी व नाले खुणेने दाखवावेत. जुलैत त्याच रेघेने पायी फिरावे. ओढ्याचे पाणी कोणत्या वळणापासून मुरमाने तांबडे होते, हे तेव्हाच कळते. ब्रह्मगिरीच्या बाजूचे पाणी गंगापूर धरणात येते आणि नाशिक तेच पिते, परंतु शहराला या उताराची आठवण होते ती पूर आल्यावर, पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले हे पाहताना. वरच्या गावाचा गाळ आणि खालच्या शहराचा पूर एकाच नकाशावर दाखवता आला, तर दोघांना एकत्र बसवता येते. अर्थात खडी आणि डंपरवर पोट असणारी घरेही त्याच पायथ्याला असतात. त्यांना विरोधक समजून वगळणे ही मला सर्वांत महाग पडणारी चूक वाटते.

नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी-कादवा संगमावर, हे गणित उलटते. सपाट प्रदेशात पाणी पसरते, शेत आणि पाणथळ शेजारी येतात, आणि तक्रार कधी कधी संरक्षणाविरुद्धच असते. रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ असल्याची मान्यता) सांगण्याआधी काठच्या शेतकऱ्याचे पिकाच्या नुकसानीविषयीचे म्हणणे ऐकावे.

मग कागद पाहावेत. सात-बारा आणि गाव नकाशावरून जमीन वनाची, महसुलाची की मालकीची ते ठरवावे, कारण वन्यजीव कायद्याच्या कलम 36अ खालील संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवरच होते आणि त्यासाठी स्थानिकांशी विचारविनिमय बंधनकारक असतो. बोरगडला असे क्षेत्र 2008 मध्ये झाले. नदीकाठी निळी पूररेषा (25 वर्षांतून एकदाचा पूर) आणि लाल रेषा (100 वर्षांतून एकदाचा) कुठून जाते, ते पाहावे. झाडे तोडण्याच्या नोटिशीवर हरकतीची मुदत थोडी असते. ती पाहून लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.

बैठक शहरातल्या सभागृहात न घेता, वाट ज्या गावातून जाते तिथल्या पारावर घ्यावी. त्र्यंबकच्या बाजूला भातलावणीचे आणि निफाडकडे द्राक्षछाटणीचे दिवस मात्र टाळावेत.