इंदूरचा वाहतूक आराखडा आणि हवेचा हिशेब : हद्दीच्या या चुका टाळा

इंदूरच्या सुदामानगरात राहणारे आमचे एक शेजारी रोज सकाळी मोटारसायकलने पीथमपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत कामावर जातात. घरापासून निघाल्यावर काही किलोमीटर ते इंदूर महापालिकेच्या हद्दीत असतात, मग राऊ लागते, जिथे वेगळी नगर परिषद आहे, आणि त्यापुढे जिल्हाच बदलून धार सुरू होतो. त्यांची ही फेरी कोणत्या आराखड्यात मोजली जाते, असा प्रश्न विचारला तर शहराच्या तक्त्यात ती वेशीवर संपलेली दिसते आणि पलीकडे ती मोजणारा तक्ताच सापडत नाही. वाहतूक आराखड्यातील हवेच्या प्रकरणात ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेक याच ठिकाणी जन्म घेतात. गणित बरोबर असते, पण दोन आकडे दोन वेगळ्या हद्दींचे असतात.

‘इंदूर’ म्हणजे एकच इंदूर असे धरून चालणे

कागदावर निदान पाच इंदुरे आहेत. पहिले महापालिकेचे, ज्यात 2014 मध्ये 29 गावे आली आणि वॉर्डांची संख्या 85 झाली. दुसरे जनगणनेतील नागरी समूहाचे, म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती मिळून. तिसरे जिल्ह्याचे. चौथे मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, 1973 खालील नियोजन क्षेत्राचे, ज्यावर 1 जानेवारी 2008 पासून लागू झालेली ‘इंदूर विकास योजना 2021’ बेतलेली आहे. पाचवे उज्जैन, देवास आणि धारच्या बाजूला पसरणाऱ्या प्रस्तावित महानगर क्षेत्राचे, ज्यासाठी राज्याच्या विधानसभेने 2025 मध्ये स्वतंत्र विधेयक मंजूर केले.

आता लोकसंख्या पाहा. 2011 च्या जनगणनेत महापालिका क्षेत्रात सुमारे 19.6 लाख, नागरी समूहात सुमारे 21.7 लाख आणि जिल्ह्यात सुमारे 32.8 लाख माणसे होती. एमपी 09 क्रमांकाची वाहने संपूर्ण जिल्ह्याची असतात. त्यांची संख्या महापालिकेच्या लोकसंख्येने भागली, तर दरडोई वाहने खऱ्यापेक्षा दीडपटीहून अधिक दिसतात. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका आराखड्यावरील हरकतीसाठी टिपण तयार करताना घरटी वाहनांचा आकडा इतका फुगला, की माझाच त्यावर विश्वास बसेना, आणि मग अर्धा दिवस सूत्र तपासण्यात गेला. दोष सूत्रात नव्हता, छेदात होता. याच्याच पोटात आणखी एक खाच आहे : 2011 चा महापालिकेचा आकडा 29 गावे येण्यापूर्वीच्या हद्दीचा आहे, त्यामुळे आजच्या 85 वॉर्डांच्या वाहतुकीशी त्याची तुलना केली तर तीही चुकते.

उपाय साधा आहे. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर हद्द आणि वर्ष लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर तो तक्ता वापरू नये.

हवेच्या यादीतील शहर आणि हवेचे क्षेत्र एकच समजणे

केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. त्यातील 131 शहरांत इंदूर, देवास आणि उज्जैन ही तिन्ही आहेत, पण स्वतंत्र नावांनी आणि स्वतंत्र कृती आराखड्यांसह. पीथमपूर, एवढे कारखाने आणि एवढी मालवाहतूक असूनही, त्या यादीत नाही. इंदूरपासून देवास सुमारे 35 किलोमीटर आहे. वाऱ्याला हे अंतर फारसे नसते. त्यामुळे देवासच्या बाजूने येणाऱ्या ट्रकांचा भार इंदूरच्या आराखड्यात ‘बाहेरचा’ म्हणून सुटतो, देवासच्या आराखड्यात तो शहर सोडून गेलेला असतो, आणि पीथमपूरच्या ट्रकांना तर विचारणारा स्वच्छ हवेचा आराखडाच नसतो. संपूर्ण परिसराची हवा एकत्र पाहणारा वैधानिक आयोग देशात फक्त दिल्ली आणि लगतच्या प्रदेशासाठी आहे, तोही 2021 च्या कायद्याने आलेला.

फेऱ्या वेशीवर तोडणे

वाहतूक सर्वेक्षणात फेऱ्या तीन प्रकारच्या असतात : आतल्या आत होणाऱ्या, आत-बाहेर करणाऱ्या आणि नुसत्या आरपार जाणाऱ्या. घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणात तिसरा प्रकार कधीच सापडत नाही, कारण ते चालक इथे राहतच नाहीत. आग्रा-मुंबई मार्गावरील बायपासला तासभर उभे राहून नंबरप्लेटी पाहिल्या तरी हे कळते. एमपी 09 बरोबर धारच्या एमपी 11, उज्जैनच्या एमपी 13 आणि देवासच्या एमपी 41 गाड्या दिसतात, आणि मालवाहू गाड्यांत तर महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थानच्या पाट्याही. म्हणून हद्दीच्या रेषेवरील प्रत्येक मोठ्या रस्त्यावर वेगळी मोजणी आणि चालकांची विचारपूस हवी.

उत्सर्जन काढताना गाडी कुठे नोंदलेली आहे याला महत्त्व नसते. रेषेच्या आत ती किती किलोमीटर धावली, हे मोजायचे असते. उपाययोजना ठरवताना मात्र उलटे : फेरी कुठून निघाली आणि कुठे संपली, हे पाहायचे. सुदामानगरच्या त्या शेजाऱ्यांसाठी शहरातील बसची संख्या वाढवून काही होणार नाही, त्यांना पीथमपूरच्या पाळीच्या वेळेला पोहोचवणारी बस हवी. हे दोन हिशेब एकाच तक्त्यात कोंबले की आकडे जुळेनासे होतात.

काही जण इंधनविक्रीवरून पडताळणी करतात. पद्धत चांगली आहे, पण बायपासवरील पंपांचे डिझेल वेगळे काढावे. ते इथे विकले जाते आणि बरेचसे घाटाच्या पलीकडे जळते.

एक्यूआय ‘समाधानकारक’ म्हणजे मानक पाळले असे मानणे

ही चूक सुशिक्षित मंडळींतही फार आढळते. पीएम 10 आणि पीएम 2.5 म्हणजे हवेत तरंगणारे, अनुक्रमे 10 आणि 2.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. नोव्हेंबर 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम 10 ची वार्षिक सरासरी 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि 24 तासांची मर्यादा 100 आहे, पीएम 2.5 साठी हेच आकडे 40 आणि 60 आहेत. हवा गुणवत्ता निर्देशांकात (एक्यूआय) 51 ते 100 हा पट्टा ‘समाधानकारक’ म्हटला जातो, आणि पीएम 10 चा 51 ते 100 मधला प्रत्येक दिवस त्यात बसतो. समजा वर्षभर रोज पीएम 10 बरोबर 80 राहिले. एकही दिवस वाईट दिसणार नाही, आणि तरीही वार्षिक मानक एक तृतीयांशाने ओलांडलेले असेल. स्वच्छ वायू सर्वेक्षणात 2023 मध्ये दहा लाखांवरील शहरांत इंदूर पहिले आले, याचा आनंद आम्हा इंदूरकरांना आहेच. पण ते सर्वेक्षण मुख्यतः राबवलेल्या उपायांना गुण देते, त्यामुळे त्या क्रमांकाने वार्षिक सरासरीचे उत्तर मिळत नाही.

वर्षाचाही घोळ होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे लक्ष्य 2017-18 च्या तुलनेत 2025-26 पर्यंत पीएम 10 मध्ये 40 टक्क्यांपर्यंत घट किंवा मानकाची पूर्तता असे आहे, म्हणजे आर्थिक वर्षांचे. त्यात जानेवारी ते डिसेंबरची सरासरी घातली, तर दोन वेगळे हिवाळे शेजारी मांडले जातात. तसेच छोटी ग्वालटोलीचे हवा मोजणारे केंद्र रेल्वे स्टेशन आणि सरवटे बसस्थानकाच्या गजबजाटात आहे. त्या एका केंद्राची सरासरी संपूर्ण महानगर क्षेत्राच्या नावाने देणे योग्य नाही.

आणि लक्ष्य पीएम 10 चे असताना आराखड्यात फक्त गाड्यांच्या नळीतून निघणाऱ्या धुराची घट दाखवू नये. पीएम 10 मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा असतो, आणि विजेवरची बसही धूळ उडवतेच.

‘प्रादेशिक प्राधिकरण करेल’ असे लिहून मोकळे होणे

राज्यघटनेच्या अनुच्छेद 243 झेडई मध्ये महानगर नियोजन समितीची तरतूद आहे आणि 2017 च्या मेट्रो रेल्वे धोरणाने एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरण मागितले आहे. मात्र बसचा परवाना मोटार वाहन अधिनियम, 1988 खालील परिवहन प्राधिकरण देते, रस्ता कधी महापालिकेचा तर कधी राष्ट्रीय महामार्गाचा असतो आणि महूमध्ये छावणी परिषद असते. त्यामुळे प्रत्येक उपायासमोर आदेश काढण्याचा अधिकार कोणाचा, हे नावानिशी हवे. अमेरिकेत हवेची मानके न पाळणाऱ्या क्षेत्रातील वाहतूक आराखडा राज्याच्या हवा आराखड्याशी सुसंगत ठरला नाही, तर केंद्राच्या पैशातील नवे रस्ते अडतात; तिथे हद्द चुकली की निधी थांबतो, म्हणून ती काळजीने आखली जाते. आपल्याकडे अशी सक्ती नाही, आणि म्हणूनच तपासणी वाचकाला करावी लागते.

विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी 30 दिवसांची मुदत असते. ‘प्रदूषण वाढेल’ एवढेच लिहिलेली हरकत सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघते. त्याऐवजी पान क्रमांक, तक्ता क्रमांक, त्यातील वाहनसंख्या कोणत्या हद्दीची आणि हवेचा आकडा कोणत्या हद्दीचा, एवढे चार मुद्दे लिहावेत आणि दोन्ही आकडे एकाच हद्दीचे करून मागावेत.