केमोनंतर डोकं चालत नसेल, तर डॉक्टरांना काय सांगायचं

'हल्ली फार विसरायला होतं' एवढंच सांगू नका. 'ताण आहे, होईल कमी' हे उत्तर ठरलेलं असतं. भेटीच्या पंधरा दिवस आधीपासून वही ठेवा. काय अडलं, किती वाजता, आदल्या रात्री झोप झाली होती का, कुठली गोळी घेतली होती, तेवढंच लिहा. मी हिशेबाचं काम करते. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर माझ्या वहीत अशा नोंदी होत्या: 'बेरीज चालू असताना फोन आला, ठेवल्यावर ओळच सापडेना.' 'रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडलं.' असं लिहिलेलं असलं की अडचण लक्ष टिकवण्याची आहे, वेगाची की आठवणीची, हे डॉक्टरांना समजतं.

तारीख-वार विचारणारी छोटी चाचणी बहुधा नीटच येते. ती मुळात डिमेन्शियासारखे आजार हेरायला केलेली आहे. तिच्यात पास झालात म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडची, म्हणजे स्मरण-लक्ष तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडची, सविस्तर चाचणी मागा, आणि संकोच न करता मागा.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 तपासायला सांगा, कारण यातलं काही बिघडलं असेल तर उपाय आहे. झोप आणि उदासी यांबद्दलही मोकळेपणाने बोला. सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. झोपेच्या, काही ॲलर्जीच्या, नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिनसारख्या गोळ्यांनी डोकं जड होतं. टॅमॉक्सिफेनसारखी हॉर्मोनची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. अचानक बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली किंवा फिट आली, तर वही बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा.

पुष्कळ जणांना हळूहळू बरं वाटतं. काहींना मात्र वर्षानुवर्षं जाणवतं: 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात केमोला वीस वर्षं उलटून गेलेल्या स्त्रियाही स्मरण आणि वेगाच्या चाचण्यांत थोड्या मागे पडल्या होत्या. म्हणूनच 'इतक्या वर्षांनी कसं असेल?' असं कुणी म्हटलं तर मला राग येतो.

हमखास गुण देणारं औषध अजून नाही. नियमित चालण्याचा उपयोग होतो. मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांवर मी पैसे घालवणार नाही. त्यात माणूस बहुतेक त्या खेळातच तरबेज होतो. अवघड काम डोकं ताजं असतानाच करा. मध्येच उठावं लागलं तर आधी पेन्सिलीने खूण करा, मगच फोन उचला. कामाच्या ठिकाणी 'सांभाळून घ्या' म्हणण्यापेक्षा नेमकं मागा: सूचना लेखी द्या, आणि दिवसातला एक तास मला फोन देऊ नका.