आलेल्या रुग्णावर त्याच दिवशी उपचार : प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी नोंदवहीत तपासलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद असते, पण जो माणूस रांगेत थांबून, कंटाळून किंवा ‘उद्या या’ हे उत्तर ऐकून परत गेला, त्याची नोंद कुठेच होत नाही. सपाट भागात साधारण 30,000 आणि डोंगराळ वा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र, हा निकष लक्षात घेतला, तर अनेक गावांना केंद्र लांब पडते आणि अशा एका फुकट गेलेल्या फेरीत रुग्णाची दिवसाची मजुरी बुडते आणि बरोबर आलेल्या नातेवाइकाचीही बुडते. म्हणून सुधारणेची सुरुवात परत गेलेल्यांच्या मोजणीने करावी.

केसपेपर देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे दोन आठवडे एक साधी वही ठेवावी आणि तिच्यात गाव, आल्याची वेळ, तक्रार व परत जाण्याचे कारण एवढेच लिहावे. नावाची गरज नाही. जे दारापर्यंत येऊन कुलूप पाहून फिरले, ते या वहीत येणार नाहीत, त्यामुळे आशांच्या मासिक बैठकीत तेवढा एक प्रश्न आवर्जून विचारावा. वहीतील कारणे बहुधा मोजकीच निघतात : डॉक्टर बैठकीला गेलेले, औषध संपलेले, रक्ततपासणीची वेळ टळलेली, किंवा एस.टी. उशिरा पोहोचलेली.

त्यानंतर कोणत्या वारी, कोणत्या तासाला किती रुग्ण येतात, ते पाहावे. रविवारनंतरचा सोमवार आणि आठवडी बाजाराचा दिवस यांची गर्दी आधीच ठाऊक असते. तरीही रजा आणि शिबिरे नेमकी त्याच दिवशी ठेवली जातात. तालुक्याच्या बैठकीची तारीख आपल्या हाती नसते, हे खरे. पण जिथे दोन वैद्यकीय अधिकारी आहेत, तिथे एकाने केंद्रातच थांबायचे, हा नियम अपवाद न करता पाळता येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कैसर परमनेंटे या संस्थेत मार्क मरे आणि कॅथरिन टँटाऊ यांनी 1990च्या दशकात भेटीसाठीची सरासरी 55 दिवसांची प्रतीक्षा वर्षभराच्या आत एका दिवसावर आणली. त्यांच्या पद्धतीचा गाभा आजचे काम आजच करण्याचा होता. आपल्याकडे आगाऊ वेळ घेण्याची रीत नसली, तरी हा विचार इथेही तितकाच लागू पडतो, कारण उद्यावर ढकललेला रुग्ण उद्याच्या रांगेत भरच घालतो, आणि तोवर त्याचा आजार वाढलेला असू शकतो.

रांग कमी करण्याचा सर्वांत मोठा वाव रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये आहे. ज्यांचा आजार आटोक्यात आहे, त्यांना आठवड्याच्या गोळ्या देऊन पुन्हा पुन्हा बोलावण्याऐवजी एकदम 30 दिवसांच्या द्याव्यात आणि पुढचा पुरवठा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत करावा. गोळी बदलण्याचा प्रश्न आला, तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून सल्ला घेता येतो. मात्र छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशी नवी तक्रार असेल, तर तो रुग्ण प्रत्यक्षच तपासला पाहिजे.

रांगेवर सकाळपासून एका परिचारिकेची नजर असावी. धाप लागलेला रुग्ण, तापाचे तान्हे मूल, रक्तस्राव किंवा तीव्र डोकेदुखी असलेली गरोदर स्त्री आणि सर्पदंशाचा रुग्ण यांना केसपेपरची वाट न पाहता थेट आत घ्यावे. तापाच्या इतर रुग्णांची मलेरियाची जलद चाचणी, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आधीच दिलेल्या लेखी सूचनेनुसार, रांगेत असतानाच करावी; तिचा निकाल अर्ध्या तासात मिळतो आणि डॉक्टरांपुढे रुग्ण दोनदा येत नाही.

औषधांबाबत साठा संपल्यावर मागणी नोंदवणे ही चूक सर्रास होते. नेहमीच्या प्रत्येक औषधाची किमान पातळी ठरवून ती गाठताच मागणी पाठवावी, आणि पुरवठा लांबल्यास रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून नियमांत बसणारी स्थानिक खरेदी करावी.

एवढे करूनही एखाद्याला परत पाठवावेच लागले, तर त्याचा मोबाइल क्रमांक आणि गावच्या आशाचे नाव लिहून घ्यावे, त्याच संध्याकाळी तिला कळवावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा केसपेपर सर्वांत आधी काढावा.