संग्रहालय, बाग आणि नाटक एकाच दिवसात

मोठ्या शहरात गेलात की आधी सुट्टीचा वार बघा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं. तिथे सुमारे ३५,००० कलाकृती मांडलेल्या आहेत. सगळं बघायचा हट्ट धरला तर थोड्याच वेळात डोळे थकतात आणि पुढची दालनं नुसती पायाखालून जातात. त्यापेक्षा सकाळी दार उघडतानाच पोहोचा, नकाशा घ्या आणि एकच विभाग निवडा. पाठीवरची बॅग सामानघरात ठेवा. खांदे मोकळे असले की पायही जास्त वेळ साथ देतात. आवडलेल्या चित्रासमोर पाचेक मिनिटं तरी थांबा. आधी लांबून बघा, मग जवळ जाऊन रंगाचा थर कुठे जाड आहे, कुठे खालचा कॅनव्हास डोकावतोय ते शोधा. पाटी सगळ्यात शेवटी वाचा. चित्र खऱ्या अर्थाने बघणं होतं ते इथेच, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी बागेत जा, पण तिथेही पायपीट नको. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं आहे! एखादं तळं गाठा आणि निवांत बसा.

संध्याकाळच्या प्रयोगासाठी महागडं तिकीटच लागतं असं नाही. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं असतात. इतरही अनेक नाट्यगृहं उरलेली तिकिटं प्रयोगाच्या दिवशी कमी दरात देतात. खिडकीवर बिनधास्त विचारा.